दुखतो तो सांधाच काय? – हाताच्या सांध्यांची परीक्षा

‘वात झाला आहे’ या तीन शब्दांत आपल्याकडे केवढा तरी मोठा रोगसमूह कोंबलेला असतो. खांदा वर जात नाही, वात झाला. पिळे पिळताना कोपरात कळ येते, वात झाला. सकाळी बोटे वळत नाहीत, वात झाला. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, तोही वातच. एकदा हे नाव मिळाले म्हणजे रोग्याचे समाधान होते, घरच्यांचेही होते, आणि मग तेल, शेक, लेप, शेजाऱ्याने सुचविलेली गोळी असा क्रम सुरू होतो. वास्तविक वर सांगितलेली चार दुखणी चार निरनिराळ्या जागची आहेत. पहिले सांध्याभोवतीच्या पिशवीचे, दुसरे स्नायू हाडाला जेथे चिकटतो तेथले, तिसरे बहुधा सांध्याच्या आतील अस्तराचे, आणि चौथे तर सांध्याचे नव्हेच, ते मज्जातंतूचे आहे. चौघांवर एकच उपाय करणे म्हणजे घरातील चार कुलपांना एकच किल्ली लावून पाहण्यासारखे आहे.

या चारांतील तिघे थोडा उशीर सहसा सहन करतात. तिसरे मात्र करीत नाही. त्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. म्हणून दुखण्यावर औषध कोणते हे विचारण्याआधी दुखते नेमके काय हे विचारावयास हवे. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा कोणत्याही यंत्रावाचून, केवळ डोळ्यांनी, बोटांनी आणि चार प्रश्नांनी मिळू शकते. ही तपासणी कशी करतात, आणि वैद्य आपला हात हाती घेऊन तो असा उलटसुलट का फिरवितो, हे नागरिकांना समजावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. हे वाचून कोणी स्वतःचा वैद्य होणार नाही. परंतु केव्हा जावे आणि गेल्यावर काय सांगावे, हे ज्याला कळले त्याने अर्धे काम केले असे आम्ही समजतो.

वाग्भटाने रोग्याच्या परीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. इंग्लंडमधील अस्थिशल्यतज्ज्ञ ॲलन ॲप्ली यांचे पाठ्यपुस्तक १९५९ साली निघाले, आणि त्यांनी विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविलेला क्रमही असाच सुटसुटीत होता: आधी पाहा, मग चाचपा, मग हलवून बघा. दोहोंमध्ये कित्येक शतकांचे अंतर आहे. परंतु माणसाचा हात तोच असल्यामुळे त्याला तपासण्याची रीतही फारशी बदललेली नाही. आपण याच क्रमाने जाऊ.

प्रश्न

पहिला प्रश्न, ‘कोठे दुखते?’ त्याचे उत्तर तोंडाने न देता एका बोटाने द्यावे. जो रोगी कोपराच्या बाहेरच्या हाडावर नेमके बोट ठेवतो त्याचे दुखणे बहुधा तेथेच असते. जो सगळ्या दंडावरून तळवा फिरवितो त्याचे मूळ खांद्यात, मानेत किंवा आणखी दूर असण्याचा संभव अधिक.

दुसरा प्रश्न सकाळचा. उठल्यावर हात आखडलेले असतात काय, आणि मोकळे व्हावयास किती वेळ लागतो? वयोमानाने झिजलेला सांधा सकाळी थोडा कुरकुरतो, पण पाचदहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, कामाला लागतो. दिवसभर राबविले म्हणजे संध्याकाळी मात्र दुखतो. ज्या सांध्याच्या आतील अस्तराला दाह झाला आहे त्याचा प्रकार उलटा असतो. तो विश्रांतीने आखडतो आणि हालचालीने सुटतो. अशा रोग्याला सकाळी तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ, चहाचा कप नीट धरवत नाही, गुंड्या लावता येत नाहीत. दहा वाजले की हात त्यातल्या त्यात बरा. दवाखान्यात तो अकरा वाजता येतो आणि ‘आता ठीक आहे’ असे सांगतो! म्हणून सकाळच्या ताठरपणाची मिनिटे घड्याळ पाहून मोजून ठेवावी आणि तो आकडा वैद्याला सांगावा. या एका आकड्याचे मोल फार मोठे आहे.

तिसरा प्रश्न कामाचा. कोणत्या हालचालीला कळ येते? नळाची तोटी फिरविताना, बरणीचे झाकण उघडताना अंगठ्याच्या बुंध्याशी दुखत असेल तर एक अर्थ. तान्हे मूल काखेत हात घालून उचलताना मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला दुखत असेल तर दुसरा. चौथा प्रश्न रात्रीचा. झोपेत मुंग्या येऊन जाग येते काय, आणि हात झटकल्यावर बरे वाटते काय? पाचवा प्रश्न शरीराच्या इतर भागांचा: ताप, वजन घटणे, अंगावर खवले पडणारे चट्टे, मधुमेह, नुकताच होऊन गेलेला साथीचा ताप. हाताचे दुखणे सांगावयास आलेल्या माणसाला वैद्य हे काय भलतेच विचारतो, असे वाटू देऊ नये.

दर्शन

तपासणीपूर्वी बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढावे आणि दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर घ्याव्या. दुखरा हात एकच असला तरी दोन्ही पाहावयाचे असतात, कारण आपला दुसरा हात हेच आपले सर्वांत विश्वासू माप होय. अंगठी गेल्या महिन्यात सहज निघत होती आणि आता साबण लावावा लागतो, हे कोणत्याही अहवालाइतकेच बोलके लक्षण आहे.

व्याख्यानाच्या वेळी आम्ही श्रोत्यांना एक लहानसा प्रयोग करावयास सांगितला होता. वाचकांनीही तो करावा. दोन्ही हातांच्या मुठी वळा आणि हाताची पाठ डोळ्यांसमोर धरा. बोटांच्या मुळाशी चार टेकड्या दिसतील आणि त्यांच्यामध्ये तीन खळगे. सांध्यांच्या अस्तराला सूज आली की प्रथम हे खळगे बुजतात. टेकड्या दिसेनाशा होतात आणि मुठीची पाठ सपाट, गुबगुबीत दिसू लागते. रोग्याला बोटे वाकडी झालेली दिसण्याच्या पुष्कळ आधी ही खूण उमटलेली असते.

यानंतर कोणती रांग दुखते हे पाहावयाचे. मनगट धरून एका हातात सत्तावीस हाडे असतात, आणि बोटांच्या सांध्यांच्या तीन रांगा: मुळाची, मधली आणि नखाजवळची. प्रत्येक रोगाची आवडती रांग ठरलेली असते. नखाजवळच्या सांध्यांवर दोन्ही बाजूंस वाटाण्याएवढे कठीण उंचवटे आले असतील, तर ते बहुधा झिजेचे असतात. अठराव्या शतकातील इंग्लिश वैद्य विल्यम हेबरडेन यांनी त्यांचे वर्णन केले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. मधल्या रांगेतील तशाच गाठींना फ्रेंच वैद्य बुशार यांचे नाव आहे. या गाठी दिसावयास बऱ्या नसतात, आरंभी दुखतातही. पण त्या हात निकामी करीत नाहीत. याउलट मनगट, मुळाची रांग आणि मधली रांग, दोन्ही हातांत सारखी, सुजलेली असून नखाजवळची रांग मोकळी असेल, तर आमवाताचा संशय बळावतो. ज्याला इंग्रजीत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, आणि जे नाव गॅरॉड यांनी १८५९ साली रूढ केले, तोच हा रोग. नखाजवळचे सांधे सुजले असून नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे असतील, किंवा सबंध बोट एकसारखे फुगले असेल, तर अंगावर कोठे सोरायसिसचे चट्टे आहेत काय, हे केसांत आणि कानामागेही पाहावे लागते.

शेवटी स्नायू पाहावे. अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर जी मांसल गादी असते ती एका हातात चपटी झाली असेल, अथवा हाताच्या पाठीवर हाडांमध्ये खाचा पडल्या असतील, तर दुखणे सांध्याच्या पलीकडे मज्जातंतूंपर्यंत पोहोचले आहे असे समजावे. बोटे आत वळू लागली असून त्वचेवर एखादा बधिर चट्टा असेल, तर आपल्या देशात कुष्ठरोगाची आठवण ठेवलीच पाहिजे. तो औषधाने पूर्ण बरा होतो. परंतु मज्जातंतू मेल्यावर गेलेली शक्ती परत येईलच असे नाही.

स्पर्शन

हाताने ऊब पाहावयाची ती आपल्या बोटांच्या पाठीने, कारण तेथे उष्णतेची जाणीव चांगली असते. दुखरा सांधा, त्याच्या शेजारचा भाग आणि दुसऱ्या हाताचा तोच सांधा अशी तुलना करावी.

मग चाचपणे. चरकाने सांध्यातील वाताचे वर्णन करताना सुजेचा स्पर्श वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागतो असे सांगितले आहे. म्हणजे त्या काळीही वैद्य सूज नुसती पाहत नसे, दाबून तिचा पोत ओळखीत असे. आजचा वैद्य हेच करतो. बोटाला लागते ते हाडासारखे टणक असेल तर ती झीज. भिजवून ठेवलेल्या कणकेसारखे मऊ, दाबले की किंचित दबणारे असेल तर ते सुजलेले अस्तर. आणि एका बाजूने दाबल्यावर दुसऱ्या बाजूस उसळत असेल तर ते सांध्यात साचलेले पाणी. किती जोर द्यावा? तपासणाऱ्याच्या नखाचा गुलाबी रंग जाऊन ते पांढरे पडेल इतका. त्याहून अधिक जोराने दाबले तर निरोगी सांधाही दुखेल.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. हस्तांदोलन करताना धरतात तसा रोग्याचा पंजा धरून बोटांच्या मुळाची रांग दोन्ही बाजूंनी हलकेच आवळावयाची. निरोगी माणसाला त्याचे काही वाटत नाही. आमवाताच्या आरंभी मात्र रोगी चटकन हात मागे घेतो. कित्येकांनी पाहुण्यांशी हस्तांदोलन करणे टाळावयास सुरुवात केलेली असते, पण त्याचे कारण त्यांच्या स्वतःच्याही ध्यानी आलेले नसते.

चलन

आता आपण या परीक्षेच्या गाभ्याशी आलो. दुखतो तो सांधाच काय, याचा निकाल हालचालीने लागतो. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील जेम्स सिरिॲक्स यांनी या विचाराला शिस्त लावली. तीन गोष्टी क्रमाने करावयाच्या. प्रथम रोग्याने सांधा स्वतः हलवावा. मग रोग्याने हात सैल सोडावा आणि वैद्याने तोच सांधा हलवावा. शेवटी रोग्याने हलविण्याचा जोर करावा आणि वैद्याने तो अडवून धरावा, म्हणजे स्नायू ताणला जाईल परंतु सांधा जागचा हलणार नाही.

यामागील तर्क साधा आहे. बिजागरी गंजली असेल तर दार तुम्ही ढकला की मी ढकलो, अडणारच. तसेच सांधा बिघडला असेल तर रोग्याने हलविला तरी अडतो आणि वैद्याने हलविला तरी अडतो. परंतु वैद्याने हलविला असता तो पुरा फिरतो, आणि रोग्याने जोर केला की कळ येते, तर बिजागरी ठीक आहे. दोष ओढणाऱ्या दोरीत, म्हणजे स्नायूत अथवा त्याच्या कंडरेत आहे.

खांद्यापासून आरंभ करू. कोपर कमरेशी टेकवून काटकोनात वाकवा आणि पुढचा हात बाहेरच्या बाजूस न्या. ही हालचाल स्वतःलाही होत नाही आणि दुसऱ्यानेही करवत नाही, तर तो ‘गोठलेला खांदा’ असण्याचा फार संभव. हे नाव बोस्टनचे शल्यतज्ज्ञ कॉडमन यांनी १९३४ साली दिले. केस विंचरणे, पाठीमागे हात नेणे, सदऱ्यात हात घालणे कठीण होते. मधुमेही माणसांत हा विकार अधिक दिसतो. म्हणून खांदा गोठलेल्या माणसाची साखर तपासावी. याउलट हात बाजूने वर नेताना आरंभी काही नाही, मध्ये सुमारे साठ ते एकशेवीस अंशांच्या टप्प्यात कळ येते आणि पुढे पुन्हा मोकळे वाटते, तर दुखणे सांध्याचे नसून त्यावरील कंडरांचे असते.

कोपराचे पाहा. हात समोर सरळ करून, तळवा जमिनीकडे ठेवून मूठ वळा आणि मनगट वर उचलण्याचा जोर करा. दुसऱ्याने मूठ खाली दाबून धरावी. कोपराच्या बाहेरच्या हाडावर कळ उठली तर तो ‘टेनिस एल्बो’. ज्यांनी टेनिसची रॅकेट जन्मात हाती धरली नाही अशाच लोकांना तो बहुधा होतो. कपडे पिळणारी गृहिणी, पाने फिरविणारा यंत्रकामगार, रंगारी, सुतार हे त्याचे नेहमीचे रोगी. कोपराचा सांधा मात्र यात पुरा सरळ होतो आणि पुरा वाकतो. तो जर पुरा सरळच होत नसेल तर गोष्ट वेगळी, मग सांध्यातच सूज आहे की काय ते पाहावे लागते.

मनगटासाठी आपल्याला परकी युक्ती शिकावयाची गरज नाही. आपला नमस्कार हीच त्याची परीक्षा होय. तळवे जोडून कोपरे वर उचला. मग हात उलटे करून दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावा आणि बोटे जमिनीकडे करा. दोन्ही बाजूंनी मनगट सारखे वाकले पाहिजे. नमस्कारात तळवे आणि बोटे एकमेकांना पुरती टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर फार दिवसांच्या मधुमेहाने हाताची कातडी आणि सांधे आखडले आहेत काय ते बघावे. उलटा नमस्कार एक मिनिट तसाच धरून ठेवला असता अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत मुंग्या आल्या, तर मनगटातील अरुंद वाटेत मज्जातंतू दाबला जात आहे. ही परीक्षा अमेरिकेतील शल्यतज्ज्ञ फॅलन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. अशा रोग्याची करंगळी बहुधा सुटलेली असते. केवळ करंगळी आणि तिच्या शेजारचे अर्धे बोट बधिर होत असेल, तर तंतू कोपराच्या मागे दाबला जात असावा. मोबाइल कानाशी धरून कोपर तासन्‌तास दुमडून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

अंगठा मुठीत घालून मनगट हलकेच करंगळीकडे झुकविले असता अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर तीव्र कळ आली, तर स्विस शल्यतज्ज्ञ द कर्व्हेन यांनी १८९५ साली वर्णन केलेला कंडरेच्या म्यानाचा दाह असतो. बाळंतिणींत तो पुष्कळ आढळतो. वाकविलेले बोट मध्येच अडकते आणि सोडविताना बंदुकीच्या घोड्यासारखे खट्‌कन सुटते, तर दोष बोटाच्या सांध्यात नसून तळव्यात, कंडरेच्या वाटेत आहे. या सगळ्या परीक्षा उपयुक्त खऱ्या, पण एकेकटीवर विसंबू नये. निरोगी माणसातही एखादी परीक्षा दुखते आणि रोग्यातही एखादी कोरी जाते. सर्व साक्षी एकत्र मांडूनच निकाल द्यावयाचा.

दूरची दुखणी

खांदा, कोपर, मनगट हे सर्व मोकळे फिरतात, कोठे चाचपून दुखत नाही, आणि तरी हात दुखतो. अशा वेळी दृष्टी हातावरून काढून दुसरीकडे न्यावी. मान वळविली की दंडात वीज चमकल्यासारखी कळ जाते, तर मूळ मानेत. जिना चढताना किंवा चालताना डावा हात, कधी उजवाही, जड होतो, छाती आवळल्यासारखी वाटते, घाम सुटतो, आणि थांबल्यावर बरे वाटते, तर ते हृदयाचे बोलणे आहे. बसल्या जागी असे होऊन ते थांबतच नसेल तर तेल चोळीत बसू नये, तत्काळ रुग्णालयात जावे. एकच सांधा अकस्मात लाल, गरम होऊन सुजला, ताप आला आणि सांधा तसूभरही हलवू देववत नाही, तर त्यात पू होत असण्याची भीती असते; त्या रोग्याला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे. सांध्यातील पू थोड्या दिवसांत कूर्चेचा नाश करतो, आणि जीवालाही धोका पोहोचवितो.

आपल्या भागात आणखी एका पाहुण्याचा विचार करावा लागतो, तो म्हणजे चिकुनगुन्या. आफ्रिकेतील टांगानिकाच्या माकोंडे पठारावर १९५२-५३ साली ही साथ प्रथम ओळखली गेली, आणि रोगाचे नावच मुळी माणसाला वाकविणारा या अर्थाचे आहे. महाराष्ट्रात बार्शीला १९७३ साली तिची साथ येऊन गेली, आणि २००५-०६ साली तर ती देशभर पसरली. ताप चार दिवसांत उतरतो. पण बोटे, मनगटे, घोटे महिनोन्‌महिने दुखत राहतात. आमवाताशी हे दुखणे इतके मिळतेजुळते असते की आधी आलेला ताप आणि घरात, आळीत आणखी कोणाला तो आला होता काय, हे विचारल्यावाचून उलगडा होत नाही.

कागद आणि हात

अलीकडे रोगी आधी रक्त तपासून घेतो आणि मग वैद्याकडे येतो. क्रम उलटा झाला आहे. ‘आर. ए. फॅक्टर’ या नावाने जो अहवाल येतो तो काही निरोगी माणसांत, विशेषतः उतारवयात, आणि काही दीर्घकालीन संसर्गांतही होकारार्थी येतो. उलट खऱ्या आमवाताच्या चार-पाच रोग्यांतील एकाला तो नकारार्थी येतो. युरिक ॲसिड वाढलेल्या बहुतेक माणसांना त्याचा संधिवात कधीच होत नाही. अहवालाची किंमत तपासणीने मनात उभा केलेला संशय दृढ करण्यात अथवा दूर करण्यात आहे. मुळात संशयच नसेल तर कागद भ्रम तेवढा उत्पन्न करतो.

छायाचित्राचेही तसेच. राँटगेन यांनी १८९५ च्या डिसेंबरात आपल्या पत्नीच्या हाताचे क्ष-किरण चित्र घेतले. माणसाच्या शरीराच्या आतील भागाचे जगाला दिसलेले पहिले प्रसिद्ध चित्र हाताचेच होते. परंतु क्ष-किरणांना हाड दिसते, मऊ अस्तर नीट दिसत नाही. आमवाताच्या पहिल्या महिन्यांत चित्र पुष्कळदा अगदी निर्दोष येते. हाड कुरतडलेले त्यात दिसले, तर ते झालेल्या नुकसानीचे पत्रक समजावे. सोनोग्राफीने अस्तराची सूज आज लवकर दिसते हे खरे. पण ती कोणाची आणि कोठे करावी, हे आधी बोटांनीच ठरवावे लागते.

काय पणाला लागले आहे

एवढा खटाटोप कशासाठी? फ्रेंच चित्रकार ओग्यूस्त रेन्वार यांना आयुष्याची शेवटची सुमारे पंचवीस वर्षे आमवाताने ग्रासले होते. त्यांची बोटे तळव्यात वळून गेली होती, आणि अखेरीस ब्रश दुसऱ्याने हातात ठेवून द्यावा लागे. ते १९१९ साली वारले, आणि तोवर चित्रे काढीत राहिले. त्यांच्या जिद्दीला नमस्कारच केला पाहिजे; परंतु त्या काळी वैद्याजवळ हा रोग आवरण्याचे साधन नव्हते हे विसरू नये. आज ते आहे. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आरंभीच सुरू केली तर बहुसंख्य रोग्यांची बोटे वाकडी होण्यापासून वाचविता येतात. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनाप्रमाणे सांधे सुजल्यापासून सहा आठवड्यांच्या आत रोग्याला तज्ज्ञाने पाहावे, आणि ज्याचा रोग टिकून राहण्याचा संभव दिसतो त्याचे औषध तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावे. सहा आठवडे म्हणजे किती? आपल्याकडे एका तेलाची बाटली संपून दुसरी येईपर्यंतचा काळ! हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, रोज घेतल्यास ते विष होते. आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. म्हणून ते वैद्याच्या देखरेखीखालीच हवे.

या ठिकाणी एका मोहाबद्दल सावध करणे आम्हांस अवश्य वाटते. अमेरिकेतील डॉ. हेंच यांनी १९४८ साली अंथरुणाला खिळलेल्या एका आमवाताच्या रोगिणीला कॉर्टिझोन दिले आणि ती थोड्या दिवसांत चालू लागली; १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे ध्यानात आले की हे द्रव्य दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब वाढतो, संसर्ग बळावतो. योग्य हातांत, योग्य काळापुरते, ते आजही मोलाचे आहे. परंतु बिननावाच्या पुड्यांतून हेच द्रव्य रोग्याच्या नकळत पोटात जाते, असा अनुभव आम्हां व्यवसायातील मंडळींना येतो. दोन दिवसांत जादूसारखा उतार देणाऱ्या पुडीकडे म्हणून संशयाने पाहावे. ती पुष्कळ दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नये, त्यातही धोका असतो. पुडीसकट वैद्याकडे जावे.

नेहमी दिसणारे चित्र असे. चाळिशीतील एक बाई, घरचे सगळे आवरून, नवऱ्याचा आणि मुलांचा डबा भरून दवाखान्यात येतात. दोन वर्षे हात दुखतो आहे. सकाळी कणीक मळवत नव्हती, पण ‘वयामुळे असेल’ असे सर्वांनी सांगितले. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोनतीन पट अधिक होतो, आणि घरातील स्त्रीचे दुखणे सर्वांच्या शेवटी तपासले जाते, हे दोन्ही एकत्र आले की काय होते ते त्या हातांवर लिहिलेले असते: बोटे करंगळीच्या दिशेने कललेली, मनगट ताठलेले. त्या मुठीवरचे खळगे दोन वर्षांपूर्वीच बुजले होते. कोणी तरी तेव्हा त्या हाताकडे पाहावयास हवे होते.

पाहण्याला पैसा लागत नाही. आज घरी गेल्यावर आपल्या आईची, पत्नीची, बहिणीची मूठ एकदा पाहा. टेकड्या आणि खळगे स्पष्ट दिसतात काय? सकाळी हात मोकळे व्हावयास किती मिनिटे लागतात, ते विचारा. उत्तर अर्ध्या तासाच्या पुढे गेले आणि खळगे भरलेले दिसले, तर याच आठवड्यात त्यांना वैद्याकडे घेऊन जा. आणि वैद्य जर हात हाती न घेता नुसता कागद पाहून औषध लिहू लागला, तर विनयाने पण स्पष्टपणे म्हणा, ‘डॉक्टर, हात एकदा बघता का?’